पाच पायऱ्यांची ग्रँट

नवं घर बांधताना किस्से होत नाहीत. जुन्याची दुरुस्ती काढली की मात्र पोत्यानं निघतात. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, कराडच्या बाजूला. शाळा चौथीपर्यंत. दुरुस्त्या पुष्कळ पाहिल्या. पण अमेरिकेत, सरकारी ग्रँट घेऊन, मराठी मंडळाच्या हॉलची दुरुस्ती! आता कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते सांगा ना." दर वेळी सांगायचा कंटाळा येतो. एकदाच लिहून टाकतो.

हॉल बॉथेल गावातला. जुना, लाकडी. छत गळायचं आणि दाराशी पाच पायऱ्या. आम्ही दोघं मुलाकडे राहायला आलो त्याच वर्षी सुमनचं, माझ्या बायकोचं, खुब्याचं हाड मोडलं. ती वॉकर घेऊन चालते. पायरी चढता येत नाही. मंडळाची पोरं तिला उचलून आत न्यायला तयार होती.

"मी काय गणपती आहे का?" ती म्हणाली.

कार्यक्रमाला यायची, पण पार्किंगमध्ये गाडीतच बसायची. काच खाली करून आतलं गाणं ऐकायची. थंडीत काच वर, मग गाणंही नाही. मी आत-बाहेर करत राहायचो. आत जीव लागायचा नाही.

मग कळलं, अशा हॉलच्या दुरुस्तीला काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा सरकार, ग्रँट देते.

*

अर्ज मिलिंदनं भरला. मिलिंद मंडळाचा अध्यक्ष. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. अर्जात प्रश्न साधा होता : हॉलला काय झालंय आणि कुणाचं अडतंय? यानं अकरा पानं लिहिली. नकाशे, रंगीत आलेख, सगळं. काउंटीनं परत पाठवली. एका पानात द्या.

मीटिंग बसली. दोन तास झाले तरी अकराची नऊच पानं झाली. मी चहापुरता गेलो होतो. शेवटी राहवेना.

"छत गळतं," मी म्हणालो. "पायऱ्या पाच आहेत. माझी बायको दोन वर्षं बाहेर गाडीत बसून आहे. लिहा एवढंच."

सेक्रेटरी अर्चना नागपूरची. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "बस! दोन तासांपासून आपण काय करून राहिलो मग?" तिनं तेवढंच इंग्रजीत टाइप केलं आणि पाठवलं.

आठवड्यानं काउंटीच्या लिंडाबाईंचा फोन. अर्ज आवडला, कुणी लिहिला?

मिलिंद म्हणाला, "आमच्या सीनियर कन्सल्टंटनी!"

*

मग लिंडाबाई हॉल बघायला येणार असं ठरलं. पाहुणी येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात? घर आवरतात! आदल्या दिवशी वीसजण जमले. झाडलं, पुसलं. छतावरच्या ओल्या डागांना पांढरा रंग दिला. जिथं रंग धरेना तिथं झेंडूची तोरणं लावली. पाचही पायऱ्यांवर रांगोळी. मी मुलाबरोबर दुसऱ्या दिवशीच पोचलो, नाहीतर एकेकाला धरलं असतं.

बाईंनी बटाटेवडा खाल्ला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "किती सुंदर ठेवलाय हॉल! दुरुस्ती नेमकी कशाची?"

मिलिंदचा चेहरा पडला. अर्चना तोरणाकडे बोट दाखवून काहीतरी बोलायला लागली, पण बाई तोरणाचंही कौतुक करायला लागल्या.

मी कोपऱ्यातला झाडू घेतला. बाईंना हातानं बाजूला व्हायला सांगितलं आणि तोरणाच्या शेजारी दांड्यानं एकदाच ढोसलं. दीड हात छत खाली आलं. मागोमाग पाणी. मागोमाग उंदराचं घरटं.

बाईंनी कपड्यांवरची धूळ झटकली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

अर्चनानं नंतर चोरून वाचलं. लिहिलं होतं : "खात्री पटली."

*

ग्रँट मिळाली. पायऱ्यांशेजारी उतार, म्हणजे रॅम्प, बांधायचं काम रिककडे होतं. माझ्याच वयाचा गोरा कंत्राटदार. त्याला मराठी नाही, मला इंग्रजी नाही. नियम असा की एक इंच उंचीला एक फूट लांबी. पाच पायऱ्यांची उंची पस्तीस इंच, म्हणजे रॅम्प पस्तीस फूट. पातळी बघायला रिककडे लेझरचं यंत्र होतं. ऐन कामात त्याची बॅटरी गेली. तो गाडी काढून दुकानात गेला.

मी वाट बघत बसणारा माणूस नाही. पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, एक टोक अर्चनाच्या हातात दिलं आणि दोन्हीकडे पाणी जिथं थांबलं तिथं खुणा केल्या.

रिक आला. बॅटरी घातली. लेझरची लाल रेघ माझ्या खुणांवर बसली. बरोबर. केसाचा फरक नाही.

त्यानं नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"बॅटरी?" त्यानं विचारलं.

तेवढं इंग्रजी मला येतं. म्हणालो, "वॉटर."

*

काम पुरं झालं. छत नवं, जमीन नवी, रॅम्पवर पावसासाठी पत्रा. राहिली शेवटची तपासणी. लिंडाबाईंची अट होती की कार्यक्रम चालू असतानाच बघणार, आणि रॅम्प पूर्ण मोकळा पाहिजे. तसा नसेल तर सही नाही. सही नाही तर ग्रँट परत.

संक्रांतीचा कार्यक्रम. बाहेर पाऊस. मी सुमनला गाडीतून उतरवलं, वॉकर हातात दिला, रॅम्पशी आलो आणि थांबलो.

रॅम्पवर चपला! बूट, सँडल, पोरांचे गमबूट. खालपासून वरपर्यंत. नव्या लाकडी जमिनीवर पायताण घालून कुणी यायचं नाही, हा हुकूम माझाच. आणि बाहेर कोरडी जागा तेवढी एकच!

लिंडाबाई वर दाराशी उभ्या. पेन मिटलेलं. मिलिंद आत पळाला. माइकवरून त्याचा आवाज आला, "ज्यांच्या चपला रॅम्पवर आहेत त्यांनी कृपया..." एक माणूस उठला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सांगतोय. मिलिंदनं दोनदा सांगितलं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

सुमन पावसात उभी.

मी बाजूच्या पायऱ्यांनी वर गेलो. मिलिंदच्या हातातून माइक घेतला.

"बाहेर गाड्या टो होताहेत," म्हणालो.

दोन मिनिटं लागली नाहीत. ऐंशी माणसं, ऐंशी जोड. ज्यानं त्यानं आपापलं पायात घातलं आणि पार्किंगकडे धाव घेतली. रॅम्प चकाचक!

मी खाली येईपर्यंत सुमन निघालीसुद्धा होती. कुणाचा हात नाही. पस्तीस फूट, आपली आपण. बाईंनी दार उघडून धरलं, ती आत गेली, आणि बाईंनी तिथंच दाराला कागद टेकवून सही केली. मी इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी वळून पाहिलं.

मी आत गेलो. सुमन मधोमध उभी होती. नव्या छताकडे पाहिलं तिनं, मग ऐंशी रिकाम्या खुर्च्यांकडे, मग माझ्याकडे.

"तीन वर्षं मला सांगत होतात," ती म्हणाली, "हॉल गच्च भरलेला असतो म्हणून!"