वरची मूठ

आमच्या ऑनलाइन दुकानाचा पहिला फोटो मी पलंगावर काढला. मोरांच्या नक्षीची चादर, तिच्यावर स्टीलच्या ताटात सुके बोंबील आणि बाजूला शोभेला एक लिंबू. फोटो टाकला आणि तासाभरात तीन मेसेज आले. मी हरखून गेले. उघडून बघते तर तिघींनीही चादर केवढ्याला, असं विचारलेलं. नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, "चादरीच विक तू. वास तरी यायचा नाही."

हा माणूस तारापूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. आलेली प्रत्येक गोण काट्यावर चढवायची, लिहायची, आत घ्यायची. घरातही तेच. लग्न होऊन मी सांगलीकडून बोईसरला आले तेव्हा चहाची पूडसुद्धा हा सपाट चमच्यानं मोजून घालायचा. मी पहिल्याच आठवड्यात तो चमचा लपवून ठेवला. तो अजून त्याला सापडलेला नाही, आणि मीही कुठे ठेवला ते विसरले.

तर झालं असं, की कारखान्यानं गुजरातेत जायचं ठरवलं. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी मेअखेरपर्यंत कळवा, बाकीच्यांना रामराम. आमची मुलगी नववीत. तिला मधेच उचलायची म्हणजे तिची दहावी पाण्यात. तो एकटा गेला असता तर महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा आला असता. आणि खरं सांगू, एवढी वर्षं मी त्याला नावं ठेवत आले, पण त्याच्याशिवाय घर ही कल्पनाच मला सोसेना. शेवटी तो म्हणाला, "तू ऑनलाइन दुकान काढायचं म्हणतेस ना? मेपर्यंत त्यातून घरभाडं आणि पोरीची फी निघाली, तर मी जात नाही. इथेच काहीतरी बघतो." मी म्हटलं, "लिहून द्या." त्यानं खरंच लिहून दिलं, खाली सही करून. असला माणूस.

दुकान सुक्या मासळीचं काढायचं हे मात्र माझं डोकं. आमच्याकडे घाटावर सुकट म्हणजे अवेळी पाहुणा आला आणि घरात भाजी नसली की डब्यातून काढायची वस्तू. पण तो डबा रिकामा झाला की जीव कासावीस होतो. पुण्याच्या माझ्या बहिणी प्रत्येक फोनला विचारायच्या, "सुकट पाठवतेस का गं?" म्हटलं, बहिणींना वाटतं ते बाकीच्यांनाही वाटत असेल की.

आणि माल कुणाचा, याचा विचारही करावा लागला नाही. दातिवऱ्याची एक मावशी बारा वर्षं आमच्या कॉलनीत पाटी घेऊन यायची. समुद्रकाठी बांबूच्या वलांडीवर स्वतः वाळवलेले बोंबील, जवळा, वाकट्या. पाटीतल्या जवळ्यात खडा सापडला तर पैसे परत, असं तिचं बोलणं, आणि बारा वर्षांत मला एकही खडा सापडला नव्हता. तिला मी ऑनलाइन म्हणजे काय ते समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गिऱ्हाईक येनारच नाय? माल बघनार नाय, वास घेनार नाय?"

"नाही मावशी."

"आनि पैसे आदी देनार?"

"हो."

"भलतीच भोली मानसं हायत गो बाय," ती म्हणाली, आणि तयार झाली.

मग अन्नाचा परवाना काढला, वास बाहेर न येणाऱ्या जाड पिशव्या आणल्या, त्या बंद करायचं यंत्र घेतलं, आणि चादर बदलून पांढरी घातली. आठवड्यातून दोनदा मावशी माल घेऊन यायची आणि आमच्या गॅलरीत बसूनच आम्ही पाकिटं भरायचो. मावशी पिशवी भरायची, मी काट्यावर ठेवायचे, साडेचारशे ग्रॅम झाले की तिच्याकडे परत द्यायचे आणि पत्त्याची चिठ्ठी लिहायला वळायचे. तोवर ती पिशवी यंत्रात घालून बंद करायची. शेजारच्या बाईंनी आठ दिवस नाकाला पदर लावला आणि नवव्या दिवशी पाव किलो जवळा मागितला.

ऑर्डरी येऊ लागल्या. पुणे, सांगली, नागपूर, एक तर थेट बंगळूरहून. मला वाटलं, जिंकलं आता. पण महिनाअखेर हिशेबाला बसावं तर हातात काहीच नाही! कुरिअरचं गणित असं असतं, की अर्ध्या किलोच्या आत एक दर, आणि त्याच्या वर दोन ग्रॅम गेले तरी पुढचा दर. म्हणून तर मी माल साडेचारशे आणि पिशवी, खोकं धरून पाचशेच्या आत, असं आखलेलं. तरी कुरिअरवाले दर पाकिटामागे 'वजनात फरक' म्हणून जादा पैसे कापत होते. आमचा नफा सगळा त्यातच गडप.

माझं डोकं फिरलं. मी फोन लावला. माझं हिंदी बोईसरच्या भाजीबाजारात शिकलेलं, आणि राग आला की त्यात निम्मं मराठी येतं. "भैया, हमारा काटा बराबर है, तुम्हारा काटा बिघड गया है, जरा जाके देखो!" पलीकडचा पोरगा बिचारा शांतपणे म्हणायचा, मॅडम, फोटो भेजता हूँ. आणि फोटोत दिसायचं, पाचशे तीस. पाचशे पस्तीस.

नवऱ्यानं कारखान्यातून प्रमाणित वजनं आणली आणि आमचा काटा तपासला. एक ग्रॅमचासुद्धा फरक नाही. म्हणाला, "काटा खोटं बोलत नाही. तूच काहीतरी घोळ घालतेयस." मी म्हटलं, "मग बसा समोर आणि बघा." आणि रविवारी तो खरंच खुर्ची टाकून गॅलरीत बसला, हातात वही घेऊन, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसा.

तिसऱ्या पाकिटाला तो ओरडला, "ते काय घातलंत?"

मावशीचा हात जवळ्याच्या पाटीत होता. माझी पाठ वळली की ती चिमूट नव्हे, चांगला मूठभर जवळा प्रत्येक पिशवीत वरून टाकत होती. पहिल्या दिवसापासून!

"वर घातला," ती म्हणाली, अगदी साधेपणानं. "वर नको घालू? गिऱ्हाईक तसंच पाठवायचं?"

मी कुठल्या तोंडानं रागावणार? कारण बारा वर्षं दारात उभी राहून "मावशी, वर घाला की अजून जरा, एवढ्यानं काय होतंय!" असं म्हणणारी कोण होती? मीच. ती मूठ मिळाल्याशिवाय मी तिला पाटी उचलू दिलेली नव्हती कधी.

तरी मी तिला समजावलं, की इथं ती मूठ आपल्याला महाग पडते. तिनं मान हलवली. "तुझ्या गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाय, म्हनून काय त्याला तोलून मापून द्यायचं? माज्या हातनं नाय व्हायचं."

तिला थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून मी डोकं चालवलं. पुढच्या खेपेपासून मी काट्यावर चारशे दहाच मोजू लागले. तिची मूठ पडली की बरोबर साडेचारशे. पाकिटावर साडेचारशे लिहिलेलं, आत साडेचारशे, कुणाची फसवणूक नाही, कुरिअरही गप्प. नवऱ्यानं तर माझी पाठ थोपटली. वीस वर्षांत त्यानं माझ्या हिशेबाचं केलेलं ते पहिलं कौतुक. त्या महिन्यात घरभाडं निघालं. पुढच्या महिन्यात भाडं आणि फी दोन्ही. मी आरशात बघून स्वतःलाच 'शेठाणी' म्हणून घेतलं.

मे उजाडला. पावसाळ्यात चार महिने मासळी वाळत नाही, त्यामुळे सगळी बेगमी मेमध्येच करायची. मावशी पावसाळ्याचा माल आणून देणार, असं ठरलेलं. तो माल आला तर दुकान चालणार, दुकान चाललं तर नवरा राहणार, आणि मेअखेर पंधरा दिवसांवर आलेली.

आणि त्याच आठवड्यात मावशीनं एक पिशवी हातात घेतली, जरा खालीवर केली आणि म्हणाली, "ही हलकी हाय."

"नाही हो मावशी."

"चालीस वर्सं या हातानं मासली तोलली. हलकी हाय. ठेव काट्यावर."

ठेवली. चारशे दहा. तिनं पाकिटावरचा आकडा माझ्याकडून वाचून घेतला. मग तिच्या सगळं लक्षात आलं. मला वाटलं होतं ती चिडेल, ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे मी वर घालते ते त्याच्याच वाट्यातलं. आनि इतकं दिस मी हात भरभरून देते म्हनून मनात बरं वाटून घ्यायची." पाटी उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गेली. पुढच्या खेपेला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पहिले चार दिवस मी घरात भांडी आपटत होते. मी काय चूक केली? आकडा तर खरा होता! नवऱ्यालाही पटत होतं, पण तो माझ्याकडे बघायचं टाळायचा. पाचव्या दिवशी मी लोकल धरून सफाळ्याला उतरले आणि रिक्षानं दातिवरं गाठलं.

मावशी वलांडीवरचे बोंबील उलटत होती. मला बघून तिनं नुसती शेजारची रांग दाखवली. मी पदर खोचला आणि उलटू लागले. तासभर. ऊन असं, की माझे कान भाजले. शेवटी मीच म्हणाले, "चुकलं मावशी. तुम्हाला न सांगता करायला नको होतं."

"मग सांगून कर," ती म्हणाली.

तिथंच वाळूत उभ्या उभ्या ठरलं. पाकिटावर चारशे लिहायचं, किंमतही चारशेचीच घ्यायची, आणि मूठ खरोखरची वर. मी म्हटलं, मग पाकिटावर तसं लिहू या की, 'सोबत मूठभर मोफत', गिऱ्हाइकाला आवडतं. वेडीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "वरचं कोन लिवून देतं का गो?"

पावसाळ्याचा माल देईन, म्हणाली. पण हसली काही नाही. निघताना पाणीही विचारलं नाही, आणि कोळीवाड्यात पाणी न विचारणं म्हणजे काय ते मला पुरतं कळत होतं.

मेच्या शेवटून दुसऱ्या दिवशी टेम्पोनं चार गोण्या आल्या. प्रत्येक तीस किलोची, तोंड सुतळीनं शिवलेलं. मावशी आली नव्हती, टेम्पोवाल्यानं निरोप दिला, "मोजून ठेवलंय, पैसे सावकाश द्या." नवरा म्हणाला, "ठेवून देतो आत." मी म्हणाले, "थांबा. आधी मोजा."

एवढी वर्षं त्याच्या मोजण्याची मी टिंगल केली, आणि त्या दिवशी मीच म्हणाले, मोजा. कारण माझ्या मनात पाप होतं. मला वाटलं, ती रागावलीय, मी जे केलं तेच ती मला करणार. गोण कमी भरणार.

त्यानं कारखान्यातून मोठा काटा आणला. पहिली गोण चढवली. बत्तीस किलो. त्यानं काटा हलवून बघितला, पुन्हा ठेवली. बत्तीस. दुसरी, तीही बत्तीस. तिसरी, चौथी, तशीच. रागावलेल्या, पाणी न विचारणाऱ्या त्या बाईनं आम्हाला चारही गोण्यांत वर घातलं होतं.

नवरा वही उघडून बसला. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "आठ किलो जादा आलाय," तो म्हणाला. "हा लिहायचा कुठे? परत पाठवू या का?"

"पाठवा की," मी म्हणाले. "तुम्हीच जा आणि सांगा तिला, वरचं परत घ्या म्हणून."

त्यानं चौथी गोण काट्यावरून उतरवून ठेवली. वीस वर्षांत त्याच्या स्टोअरमध्ये आलेली एकही गोण लिहिल्यापेक्षा जास्त भरली नव्हती. मग त्यानं वही मिटली, फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन कारखान्याला सांगितलं, "माझं नाव काढा. मी गुजरातला येत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि तो राहिला म्हणूनही रडले. मुलगी आत आली, काय झालं विचारायला लागली. तिला सांगितलं, जवळ्याच्या वासानं डोळे चुरचुरतायत. मग फोन उचलला आणि दातिवऱ्याला लावला.

"मावशी, गोण्या पोचल्या."

"मोजल्यास?" तिनं विचारलं.

"मोजल्या," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

पलीकडे ती खो खो हसली.