कानातला कापूस

आईच्या उजव्या कानात आमच्याच कंपनीचं यंत्र होतं. अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही ते बनवतो. आत शेंगदाण्याएवढा इन्फ्रारेड सेन्सर असतो. तो कानाच्या पडद्याला न शिवता त्याची उष्णता ओळखतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो. केमो सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप शंभरावर गेला तर सकाळची वाट बघू नका, तडक घेऊन या. जिवावर बेतू शकतं." आई दिवसभर कांदिवलीला एकटी. म्हणून बाजारात न आलेला एक नग मी साहेबांच्या मागे लागून घरी आणला.

आणि जिवाला घोर लावून घेतला. आकडा जरा सरकला की माझा फोन गेलाच. "आई, गॅसपाशी उभी आहेस का?" "अगो, बांगडे तळतंय, आणि काय!" मीटिंगमध्ये मोबाइल मांडीवर, जेवताना डब्याशेजारी. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "यार, तिच्याआधी तूच अ‍ॅडमिट होशील." हिचं काय जातंय बोलायला!

मग एके दिवशी आकडा अठ्ठ्याण्णवच्या खाली आला आणि तिथेच बसला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, साचलेली कामं उपसली, एकदाही फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पण मला सुखही टोचतं. दुपारी कुणाचंही अंग थोडं तापतं, हिचं का नाही? जेवण तसंच टाकून मी फोन लावला.

"कोण ता? मोठ्यान बोल!"

"आई, ऐकू येत नाहीये का?"

"कापूस घातलंय गो कानात!"

केस गेल्यापासून तिला पंख्याचा वारा सोसत नव्हता. लसणीचं तेल कोमट करायचं, त्यात बोळे भिजवायचे आणि दोन्ही कानांत कोंबायचे, हा आमच्याकडच्या बायकांचा जुना उपाय. वर तिने इमानाने आमचं यंत्रही बसवलं होतं. कानातल्या मळाची चाचणी आम्ही घेतली होती, घामाचीही घेतली होती. तेलातल्या बोळ्याची कुणालाच सुचली नव्हती. सेन्सर पडद्याऐवजी कापसाचा ताप मोजत होता.

रिक्षावाल्याला मी इतकं पिडलं, की गोरेगावला तो म्हणाला, "मॅडम, उडके जाऊ क्या?" घरी पोचले तर आई चादर घेऊन बसलेली, डोळे लालबुंद. मी कापूस काढला, कान पुसला, यंत्र पुन्हा बसवलं. आकडा चढत चढत एकशे दोनवर गेला.

"अंगात कणकण होती तर सांगायचं नाही?" मी ओरडलेच.

"काल वाऱ्यासाठी कापूस घातलंय, तर दिवसभर तुझो एक फोन नाय," ती म्हणाली. "म्हटला, माझा चेडू जरा सुखान काम करता. आज कणकण इली, म्हणान परत घातलंय."

मी तिला धरून जिना उतरवू लागले. आदल्या दिवशी मी खरंच सुखात होते.