सनदच्या पडद्याआड राहिलेलं नाव

डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला आणि घरी ठोकून दिलं, बहरीनला मामूच्या गॅरेजात काम बघतो. खरं कारण नाझनीन. रत्नागिरीला कॉलेजात इतिहास शिकत होती. आईच्या आजारपणात बहरीनला गेली, आई वारली, ती परतलीच नाही.

व्हिजिट व्हिसा ऑनलाइन निघतो. विमानतळावरून मनामाला बस मिळते, टॅक्सीच्या नादाला लागू नका. आणि ऑगस्टात जाऊ नका. मी गेलो. दार उघडलं की तोंडावर ओला गरम टॉवेल दाबल्यासारखी हवा.

मामू तुबलीत गॅरेजच्या वरच राहतो. "हातात पाना धरलायस कधी?"

"मफी." म्हणजे नाही. विमानात शिकलेला एकुलता एक अरबी शब्द.

"मग कशाला आलायस ते कळलं," मामू म्हणाला. हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागे, कापडाच्या गल्लीत नाझनीन भेटली. करक चहा आणि समोसे, दोघांचं मिळून एक दिनारही होत नाही. ती वाळली होती. गुरुवारी आईची बरसी होती, आणि घरी रातीब. म्हणजे डफावर सुफी मंडळींचं जिक्र, अल्लाचं नामस्मरण. तिचे अब्बा तिथल्या कोकणी मंडळींचे खलिफा, म्हणजे रातीब चालवणारे प्रमुख. असे तरीके, म्हणजे सुफी पंथ, मध्ययुगापासून चालत आलेत.

"कैरोत त्या काळी बायकांचे स्वतःचे मठ होते," ती म्हणाली. "प्रमुखही बाईच. आणि आमचा शजरा बघ, गुरूंची वंशावळ, वरपासून खालपर्यंत उस्तादांची नावं. एक बाई नाही."

तिची अम्मी पडद्याआड बसायची. पुरुषांची जिक्रातली ओळ चुकली की पातेल्यावर डाव आपटायची. अर्धी मंडळी अशीच शिकली.

"अब्बांना म्हटलंय, फातिहाला उस्तादांच्या नावांत तिचंही घ्या."

"मग?"

"इंशाल्ला म्हणाले."

"म्हणजे नाही!"

"अब्बांचा इंशाल्ला मला कळतो. तू ये, पण गप्प बस."

आमच्यात परक्या पुरुषांसमोर घरच्या बाईचं नाव घेत नाहीत. अमक्याची आई, तमक्याच्या घरातली, एवढंच. हलीमा हे अम्मीचं नाव तिने मला कॉलेजात सांगितलं होतं. ते मला माहीत आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं.

गुरुवारी असरच्या नमाजानंतर मामूच्या गाडीतून सनद भागात, नाझनीनच्या घरी. हॉलमध्ये क्लार्क, फिटर, दुकानदार, सगळे आपलेच. हिरवा पडदा. डफ लागले. एकाने ओळ गाळली आणि पडद्याआडून आवाज आला: ठक्. आता डाव नाझनीनच्या हातात होता. पुरुषांनी ओळ सुधारली, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. माझं डोकं तिथेच फिरलं.

मग फातिहासाठी, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेसाठी, खलिफा कागदावरून नावं वाचू लागले. एकेक उस्ताद. शेवटाला आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, गाळतायत.

मी उभा राहिलो. "हलीमाबी! त्यांचं नाव राहिलं!"

"कोण रे हा?" मागून कुणीतरी म्हणालं. "ह्याला कसं माहीत?"

खलिफांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. कागदाची घडी घातली. "अल-फातिहा," एवढंच म्हणाले. पडद्याआडून काहीच आलं नाही.

सिग्नलला गाडी थांबली तसा मामू माझ्याकडे वळला. "गाढवा, त्याचा गळा दाटला होता. मी शेजारीच बसलेलो. शेवटचं नाव तिचंच होतं, त्याच्या स्वतःच्या हातचं."

"मग आता वाचू देत की!"

"आता? आता ते त्याच्या बायकोचं नाव राहिलं का? पोरीच्या यारानं ओरडलेलं नाव झालं ते."

नाझनीनचा एकच मेसेज आला. "अम्मीचं नाव आता घरात निघत नाही. तूही घेऊ नकोस. माझंही. खलास." पुढचे चार दिवस मी मामूच्या गॅरेजात पाने पुसले. बहरीनचा किल्ला पाहिला नाही, समुद्र पाहिला नाही, त्यामुळे त्याबद्दल विचारू नका.

वर लिहिलेली दोघींची नावं खोटी आहेत. एवढं तरी शिकलो.

घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी आमच्याकडे डफ बसले. मधेच एकाची ओळ चुकली आणि दाराआड चौकटीवर बांगडी वाजली. आयुष्यभर ऐकत आलेला आवाज. सगळे गेल्यावर मी माझ्या अम्मीला विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

ती भांडी आवरत होती. बहरीनची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"होती एक," ती म्हणाली. "नाव कशाला हवंय तुला? ओरडायला?"