दोन थेंबांमधली फट

येरमाळ्याच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की पंचाक्षरीची चॉकीची शेड लागते. चॉकी म्हणजे रेशमाच्या अळ्यांची बालवाडी. अंड्यातून निघालेल्या इवल्याशा अळ्या तो तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालत वाढवतो, आणि त्यांनी दोनदा कात टाकली की शेतकरी त्या आपापल्या शेडमध्ये नेतात. माणूस गुणी, पण बूड म्हणून टेकणार नाही. जेवता जेवता उठून ट्रे हलवील, झोपता झोपता उठून पाल्यावर ओलं फडकं टाकील. बायको शिवकन्या म्हणते, “ह्यांच्यापरीस अळ्या बऱ्या. कात टाकायच्या टायमाला तरी गप पडत्यात.”

पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते एका जाळामुळं. दोन वर्षांमागं थोरली बहीण दगडाबाईसाठी वाढवलेल्या अळ्या तपासताना त्याला भिंगाखाली पेब्रिनचे कण दिसले. लांबट, चकचकीत, तांदळाच्या दाण्यासारखे. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, त्याला औषध नाही, आणि एका शेडमधून गावोगाव फिरतो. जाळणं हाच इलाज. पंचाक्षरीनं सख्ख्या बहिणीच्या अळ्या तिच्यादेखत जाळल्या. दगडाबाईचा हंगाम गेला, पुढं तिनं तुती उपटून सोयाबीन पेरलं. पण भावावर डूख धरला नाही. उलट आपल्या तेर गावच्या बाजारात ती चारचौघींत सांगायची, “आमचा पंचाक्षरी भनीचीबी गय करत न्हाय.” तेव्हापासून शेतकरी त्याच्याकडच्या अळ्या डोळे झाकून नेऊ लागले.

यंदा भाद्रपदात तेच कण पुन्हा दिसले.

कळंबकडचा बब्रुवान अळ्या न्यायला आला होता. टेम्पो दारात उभा, आणि आत पंचाक्षरी भिंगापासून हलेना. चार-पाच अळ्या पाण्यात खलून काचेवर थेंब घेतला होता. त्यात लांबट दाणे होते. थोडेच, पण होते.

“दिसलं का काय?” बब्रुवाननं विचारलं.

“जरा थांबा.”

त्यानं डोळ्याकडचं भिंग काढून जास्त ताकदीचं लावलं. दाणे मोठे झाले, पण कळलं काहीच नाही. धूसर दाणा होता तो मोठा धूसर दाणा झाला. तो बाहेर गेला, आत आला, दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. शिवकन्येनं न सांगताच मागच्या खड्ड्यात जाळासाठी तुराट्या टाकायला घेतल्या, तेव्हा तो तिच्यावर उगाच खेकसला.

सूक्ष्मदर्शक जुना होता, आरशावर चालणारा. शेडमध्ये लाईटचा भरवसा नाही, म्हणून पंचाक्षरीनं तो पहिल्यापासून खिडकीत मांडलेला. समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवरचं ऊन आरशात घ्यायचं. तो उजेड डोळ्यांत घुसायचा, म्हणून काचेखालच्या झडपेची दांडी सरकवून त्यानं उजेडाचं भोक होईल तेवढं बारीक करून ठेवलं होतं. तसं केलं की चित्र गडद व्हायचं, कडा शाईनं काढल्यासारख्या उठायच्या. त्याला ते फार साफ वाटे. दांडीला त्यानंतर त्यानं हात लावला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नव्हता.

एवढ्यात सूर्यावर ढग आला. भिंत काळवंडली, भिंगात अंधार झाला. बब्रुवान बाहेर हॉर्न वाजवत होता. वैतागून पंचाक्षरीनं दांडी पार दुसऱ्या टोकाला नेली, भोक सताड उघडलं.

चित्र फिकं, पांचट दिसलं. पण ज्या दाण्यावर त्याची नजर होती, त्याच्या मधोमध फट पडली होती. दाणा एक नव्हताच. दोन गोल ठिपके एकमेकांना खेटून होते.

ढग सरल्यावर त्यानं भोक बारीक केलं. एक दाणा. उघडलं. दोन ठिपके. सुईनं वरची काच हलकेच दाबली, तर ठिपके एकमेकांपासून सरकले आणि दोन दिशांना निघाले. पेब्रिनचा कण असा फुटत नाही. हे अळीच्या अंगातल्या चरबीचे थेंब होते. मग त्यानं बाकीचे दाणेही एकेक करून तसेच पाहिले. सगळे जोडथेंब.

चॉकीच्या प्रशिक्षणात रेशीम खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की उजेडालाही जाडी असते. जाड बोटानं रांगोळीचे दोन ठिपके खेटून टाकायला गेलं तर एकच होतो, तसं एका मर्यादेच्या आतलं अंतर उजेड दाखवत नाही, मग भिंग केवढंही लावा. आणि खालून येणारा उजेड जितका चिमटाल तितकी ती मर्यादा वाईट होते. पंचाक्षरीनं ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि घरी येऊन उजेड चिमटून ठेवला.

“न्या अळ्या. चांगल्या हायत,” तो बाहेर येऊन म्हणाला. बब्रुवानचा जीव भांड्यात पडला. टेम्पो गेला.

पंचाक्षरी मात्र शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. दांडीचं ऐकल्यावर शिवकन्येला कळायला वेळ लागला नाही.

“आक्काच्या अळ्यांच्या वक्तालाबी दांडी अशीच व्हती?”

“व्हय.”

“मंग गप ऱ्हावा की. राख काय काचेखाली घालून बघता येत न्हाय.”

तेच तर त्याला खात होतं. तो गाडी काढून तसाच तेरला गेला. दगडाबाई ओट्यावर मूग निवडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, झडप, ढग, दोन थेंब, काही गाळलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. “म्हंजी माझ्या अळ्या चांगल्या व्हत्या?”

“आसतीलबी आक्का. नसतीलबी. आता कळायला मार्ग न्हाय.”

“आसं नगं. व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण.”

हाताला चाळा म्हणून त्यानं गाडीची किल्ली फिरवायला घेतली, ती तिनं त्याच्या हातातून काढून घेतली.

“रोगी व्हत्या म्हणलास तवा म्या तुझा अभिमान धरला,” ती म्हणाली. “चांगल्या व्हत्या म्हणलास तर आज तुला शिव्या घालीन, रडीन, मोकळी व्हईन. पर हे मदलं घिऊन म्या काय करू, पंचाक्षरी?”