पाहुणे यायच्या आधी दाढी

आमच्या थोरल्यानं तोंड वर करून मला सांगितलं, "आई, उद्या पाहुणे येत्यात तवा आबांना आतल्या खोलीतच राहू दे."

मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला. त्याच्या लेकीला बघायला सोमेश्वरनगरहून माणसं येणार होती. ती पोर ह्यांच्या मांडीवर वाढलेली, आणि तिच्या लग्नाचं बोलणं निघायचं तेव्हा तिचा आजा आत कोंडलेला. का, तर तोंड वाकडं झालंय, लाळ गळते, दाढी वाढलीय, पाहुण्यांच्या मनात नको ते यायचं. मी म्हटलं, "डाव्या अंगावरनं वारं गेलंय त्यांच्या, चोरी न्हाय केली कुणाची." तर म्हणतो कसा, "तसं न्हाय गं, आबांनाच दगदग नको." एवढी काळजी बापाची. इतके दिवस कुठं ठेवली होती कोण जाणे.

दाढी का वाढली होती, ते तरी विचारा. हे कधीच दाढी वाढवणारे नव्हते. डाळिंबाची गाडी भरून दारात उभी असली तरी आधी दाढी, मग इंदापूरचा बाजार. खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचे, स्टीलच्या वाटीत क्रीम पिळून ब्रशनं फेस करत निवांत बसायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा. अंगावरनं वारं गेलं तसं हे सगळं बंद पडलं. थोरल्यानं बारामतीहून बॅटरीचं मशीन आणलं. आठवण झाली की फिरवायचं, आणि आठवण त्याला सणासुदीला व्हायची. फिरवलं तरी खुंट राहायचे ते राहायचेच. मी बोलले की ठरलेलं उत्तर, "आबांना आता कुठं जायचंय?"

आमच्याकडं माणसाची दाढी वाढते ती सुतकात. मागं निमगावच्या बाजाराला आलेला ह्यांचा एक जुना सोबती दारात डोकावला, ह्यांच्याकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "कोण गेलं, वहिनी?" त्याचं काही चुकलं नाही. पण ह्यांनी ते ऐकलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले, चहाला हात लावला नाही.

आतल्या खोलीचं बोलणंही ह्यांनी ऐकलं होतंच. माणसाचं अंग लुळं पडलंय, कान शाबूत आहेत, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानातच राहत नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेले तर ह्यांनी चांगल्या हाताचं बोट गालावरून खाली ओढलं. मी म्हटलं, "दाढी करायची?" ह्यांनी मान हलवली. मग बोट बाहेरच्या खोलीकडं केलं आणि माझ्याकडं बघत राहिले. ह्यांना तिथं बसायचं होतं, सगळ्यांच्या देखत.

न्हाव्याला फोन लावला तर तो काटेवाडीला कुठल्याशा नवरदेवाकडं गेलेला. थोरला म्हणाला, "आज न्हाय जमायचं, आई." मग मी म्हटलं, मीच करते. सुनेनं कपाळाला हात लावला. "बाईमाणसानं पुरुषाच्या तोंडाला पातं लावायचं? असं कुठं असतं व्हय?" मी त्या पुरुषाचं हगणं-मुतणं काढते तेव्हा कुणाला रीतभात आठवत नाही. तिथं बाईमाणूस चालतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं आणि फळीवरची वाटी काढली.

पण माझ्या हाताला सवय ताकाची. वाटीत कढत पाणी ओतलं, बोटभर क्रीम पिळलं आणि ब्रश रवीसारखा घुसळला. फुगेच फुगे आले. म्हटलं, झाला फेस. गालाला लावला तर सगळं पाणी गळ्यावरून बनियनमध्ये. हे आधी माझ्याकडं बघत राहिले, मग वाकड्या तोंडानं खुदकन हसले. मी तापलेलीच होते. म्हटलं, "हसायचं असंल तर तुमचं तुमी करा."

ह्यांनी बोटं जुळवून हवेत शिंपडल्यासारखं केलं. म्हणजे पाणी थेंब-थेंब. मी वाटी पुसून घेतली, ब्रश भिजवून झटकला, क्रीम जरासं घेतलं आणि भाकरी थापताना हात ओला करतो तेवढंच पाणी. मग फिरवत बसले. मनगट भरून आलं. स्वैपाकघरात कपबशा वाजत होत्या, पोह्यांना फोडणी बसत होती, आणि थोरला कुणाला तरी सांगत होता की खुर्च्या पुसून ठेवा. जितकं ऐकत होते तितका ब्रश जोरात फिरत होता. फेस दाटत गेला. ब्रश उचलला तर त्याचं टोक तसंच उभं राहिलं. ह्यांनी वाटीत बघितलं, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

डाव्या गालाची कातडी सैल पडलेली. ती बोटानं ताणून धरली आणि पातं हळूहळू ओढलं. निम्मी दाढी झाली असेल तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाहुणे आत आले, रामराम झाले. मी घाई केली नाही.

टॉवेलानं तोंड पुसल्यावर ह्यांनी चांगला हात उजव्या गालावरून फिरवला. मग डाव्या गालावरून फिरवला आणि थांबले. त्या अंगाला त्यांना काही कळतच नाही, बोट टेकलेलंसुद्धा. त्यांनी माझा हात धरला, डाव्या गालावर नेऊन ठेवला आणि जड जिभेनं विचारलं, "झाली... हिकडं?"

मी कानापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. "झाली," म्हटलं. "गुळगुळीत हाय."

धुतलेला सदरा चढवला, टोपी घातली. ह्यांनी खाटेची कड धरून उठायला जोर लावला, दुसरीकडून मी आधार दिला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, असं करत आम्ही दारापर्यंत आलो. थोरला पाहुण्यांसमोर ऐसपैस खुर्चीत बसून सांगत होता, "आबांची तब्येत जरा बरी नसती. झोपलेत आत."

मी दारातून म्हटलं, "उठलेत ते. तू ऊठ, खुर्ची दे."