रिक्षातला पाहुणा आणि करकंबची सून

सीपीआर शिकवत फिरताना किस्से इतके साठलेत, की चहाला बसलं की आधी कुठला सांगायचा यावरून रफिकभाईंचं आणि माझं भांडण ठरलेलं! मी रिटायर्ड नर्स, ते रिक्षावाले. माणूस अचानक कोसळला, हाकेला ओ देईना, श्वास घेईना, तर १०८ला फोन करायचा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहायचं. एवढंच शिकवतो. त्यासाठी एक रबरी पुतळा आहे. त्याला आम्ही 'पाहुणा' म्हणतो.

*

एकदा पाहुणा रिक्षात आडवा, डोकं माझ्या मांडीवर. सिग्नलला हवालदार आत डोकावला आणि ओरडला, "पेशंट घेऊन थांबलाय काय? निघा!" शिट्ट्या मारून त्यानं अख्खा चौक मोकळा करून दिला.

रफिकभाई पुटपुटले, "अब क्या बोलना सिस्टर? इज्जत से निकल लेते!"

*

टॉवेलच्या कारखान्यात मालकांची घाई. "आटपा लवकर, माग थांबलेत." बायका मात्र तेलुगूत मोजत मजेत दाबत होत्या, "ओकटी, रेंडू, मूडू..." मग त्यांनी मालकांनाच पुढं केलं. थोड्याच वेळात मालक घामाघूम होऊन मागं टेकले.

मागून आवाज आला, "मालक, माग बंद पडला की!"

सगळ्यात मोठ्यानं मालकच हसले, आणि शिकूनच उठले.

*

करकंब गावात शोभा नावाची सून पुतळ्यावर उभ्यानंच वाकून दाबत होती. म्हटलं, "अगं, गुडघे टेकून बस. असा जोर पोचत नाही."

ती पदर सावरत कुजबुजली, "बसू कशी? मामंजी हायेत की समोर."

सासरे कट्ट्यावरून बघत होते. त्यांच्यासमोर ती कधी बसलीच नव्हती. रफिकभाई त्यांना चहाला घेऊन गेले, तेव्हा कुठं ती बसली. आणि काय दाबलं तिनं!

पुढं एका सकाळी हेच मामंजी अंगणात कोसळले. हाकेला ओ नाही, श्वास नाही. शोभानं जावेला फोन करायला सांगितलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती दाबत राहिली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शॉक दिला, ठोके परत आले. बातमी ऐकून मी आनंदानं रडलेच.

दवाखान्यात भेटायला गेलो, तर मामंजी उशीला टेकून कण्हत होते, "बरगड्या लई दुखत्यात. जोर हाय पोरीत!" शोभा डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी. कॉटजवळचं स्टूल रिकामं. मी म्हटलं, "बस गं." ती हलेना.

मामंजींनी तिच्याकडं पाहिलं.

"बस की आता. त्या दिशी बसलीस, तवा इचारलं व्हतंस व्हय मला?"