गादीतला खड्डा

गादीवाले चाचा गिऱ्हाइकाचं नाव हमखास विसरत, पण त्याच्या गादीतला खड्डा कधी विसरत नसत. कारंजा गावात त्यांचं घर मागे आणि दुकान पुढे. जुनी गादी पिंजायला आली की आधी ती फरशीवर पसरायची, तिच्यावरून सावकाश तळहात फिरवायचा आणि मग सांगायचं, "हा माणूस उजव्या कुशीवर झोपते. गुडघा दुखते त्याचा." गादी आणणारा चाट पडे, कारण ते खरंच असे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात तार, गोणपाट, कापूस, प्लास्टर असं काहीबाही जोडून माणसं करतो. नाकडोळे नसलेली. घरच्यांनी कधीच कपाळाला हात लावलाय. कापूस आणायला गेलो असताना एकदा चाचांना एक बसलेली आकृती दाखवली. त्यांनी ती चहूबाजूंनी पाहिली. "मास्तर, तोंड नाही ते ठीक हाय. पण याचं वजन कुठी हाय? बसलेला माणूस खाली दाबते. हा तर नुसता टेकून राह्यला." कला महाविद्यालयात इतकी वर्षं काढली, तिथे हे कोणी बोललं नव्हतं. चिडून घरी आलो आणि आकृती मोडून टाकली. त्यानंतर प्रत्येक आकृती त्यांना दाखवायची आणि प्रत्येक वेळी हेच ऐकून परतायचं.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या गादीत डाव्या खांद्याशी खोल खड्डा होता, खाली कमरेचा, आणि पोटाशी घेतलेल्या पायांचा. त्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा असं मी ठरवलं. आता तरी वजन असलेला माणूस माझ्या हातून होणार होता. पण त्याआधी बाबा चाचांच्या तळहाताला कसे दिसतात, ते मला ऐकायचं होतं. गादी न गुंडाळता हातगाडीवर आडवी टाकून नेली. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. "बाबांची गादी आहे, चाचांना दाखवा," एवढंच त्यांच्या सुनेला सांगून मी शाळेत गेलो. हा माझा गाढवपणा.

संध्याकाळी पाहतो तर गादी टम्म फुगलेली, नवी खोळ, टाके एका ओळीत. चाचा खुशीत होते. "वडलांची हाय म्हून मशीन नाही लावली, मास्तर. हातानं पिंजली."

"चाचा, मले तो खड्डाच पाहिजे होता."

त्यांनी नव्या खोळीवरून तळहात फिरवला. "गेलेल्या माणसाच्या खड्ड्यात झोप लागत नाही. म्हून मिटवला. तुमाले झोप लागावी, बस."

मी नको ते बोललो. माणसाची शेवटची खूण तुम्ही पुसली, असंही म्हणालो. मग कित्येक महिने त्या रस्त्याने गेलो नाही. चाचा मानोऱ्याला लेकीकडे वारले, तेही मला उशिरा कळलं. दुकानात आता फोमच्या गाद्या मिळतात.

त्या गादीवर मी झोपतो. झोप चांगली लागते, याचाच राग येतो. परवा चादर बदलताना सहज तळहात फिरवला, तर डाव्या खांद्याशी खड्डा पडलाय. मी तर उजव्या कुशीवर झोपतो असं समजत होतो. हे विचारायला जावं असा माणूस एकच होता.